सीडी भाजणारे आप्पा

आप्पांनी 'सीडी बर्न केली' असं कधी म्हटलं नाही. ते सीडी भाजत. कोरी सीडी कॉम्प्युटरच्या कप्प्यात ठेवली की ती 'तव्यावर टाकली', काम नीट पार पडलं की 'खरपूस झाली', मधेच अडकली तर 'कच्ची राहिली' आणि पडद्यावर लाल फुली आली की 'करपली'. आम्ही त्यांचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. सुरतेजवळ भेस्तानला राहायला आलो त्या संध्याकाळी मी सामानाची पिशवी घेऊन जिना चढत होते, तर खालच्या खोलीतून दबक्या आवाजात हाक आली, "ओ बेन, जरा धीमे! पाय वाजवू नका. सीडी तव्यावर आहे." मी मनात म्हटलं, नवऱ्याने घर तर मोठं छान शोधलंय!

आप्पा मूळचे अमळनेरकडचे. सगळी नोकरी शेजारच्या सचिन गावातल्या एका कापडाच्या प्रोसेस हाऊसच्या स्टोअरमध्ये झालेली, त्यामुळे गुजराती तोंडात बसलेली. माझी मराठी शाळेतली बाई म्हणून ओळख करून दिली तरी 'बेन'च म्हणत राहिले. घरात मात्र नवराबायकोचं बोलणं चोख अहिराणीत. मी परभणीची. पहिले काही महिने मला खालचं निम्मं भांडण कळायचं आणि निम्मं मी अंदाजाने पुरं करायचे.

मी 'भांडण' म्हणाले, पण ते एकतर्फी असे. बोलायची ती जिजी, म्हणजे आप्पांची बायको. सगळी सोसायटी तिला जिजीच म्हणायची. तिचा आवाज तिसऱ्या गल्लीतल्या दळणवाल्यापर्यंत पोचायचा. हळदीला, मांडवाला, श्रावणात कानबाई देवी बसली की तिच्या जागरणाला लोक जिजीला मुद्दाम बोलावून न्यायचे. तिला माईक लागायचा नाही. मला सांगायचंय ते त्या आवाजाविषयी. तो जायला निघाला होता आणि आप्पांनी तो धरून ठेवायला काय काय उद्योग केले त्याविषयी. पण त्या आवाजाकडे जायचं तर आप्पांच्या कॉम्प्युटरवरूनच जावं लागतं.

कॉम्प्युटर घेतला होता मुलाच्या शिक्षणासाठी. मुलगा शिकून बडोद्याला गेला, कॉम्प्युटर आप्पांना राहिला. निवृत्त माणसाने देवळात जावं, बागेत फिरावं. आप्पा सीड्या भाजायला लागले. सोसायटीतल्या लग्नांचे फोटो, बारशांची शूटिंग, कुणाच्या सत्काराचं भाषण, जे मिळेल ते. पैसे घेत नसत. मात्र त्यांचे नियम पाळावे लागत. भाजणी चालू असताना जिना चढायचा नाही, दार आपटायचं नाही, मिक्सर लावायचा नाही. कॉम्प्युटर कितीही वेगाने लिहायला तयार असो, आप्पा सगळ्यात कमी वेग निवडत. "मोठ्या आचेवर भाकरीला डाग पडतात अन् मधे कच्ची राहते. हे पण तसंच." मग खुर्ची ओढून ड्राइव्हसमोर बसत, हात मांडीवर ठेवून, पूजेला बसल्यासारखे. बाहेर आलेली सीडी कडेने धरून प्रकाशात तिरपी करत आणि मान हलवत. त्यात त्यांना काय दिसायचं देव जाणे. मला तर फक्त त्यांचं नाक दिसायचं.

करपलेल्या सीड्याही ते टाकत नसत. जिजी गच्चीत पापड वाळत घाली तेव्हा त्या दोरीला टांगून कबुतरं हाकलायला वापरत. पेल्यांवर झाकण त्या सीडीचं, उदबत्तीच्या घराखाली ती सीडीच. जिजी म्हणायची, या घरात माझ्या भाकरी कमी अन् यांच्या करपलेल्या जास्त.

प्रत्येक सीडीच्या दोन-तीन प्रती काढायच्या आणि त्यातली एक परगावी पाठवायची, हाही नियमच. सुरतच्या मोठ्या पुराच्या वेळी जिजीच्या भावाच्या घरात तापीचं पाणी शिरलं होतं. लग्नाचा अल्बम उघडला तर नवरानवरीचे चेहरे एकमेकांना चिकटून आलेले. तेव्हापासून आप्पा म्हणत, "ठेवेल वस्तू ऱ्हास नही, वाटेल वस्तू ऱ्हास." ठेवलेली वस्तू राहत नाही, वाटलेली राहते. त्यांची बहीण बारडोलीला असते, तिचे यजमान तिथल्या साखर कारखान्यात होते. तिच्या कपाटात आमच्या सोसायटीतल्या यच्चयावत बारशांच्या सीड्या होत्या. त्या बाईला त्यातलं एक बाळ ओळखता येत नव्हतं, पण भावाचा शब्द मोडायचा कसा म्हणून जपून ठेवायची.

'भाजणे' हा शब्द आला कुठून, ते मला पुढे कळलं. शेजारच्या ओळीत एक विधवा आजी राहायची. तिचा नवरा मिलमधून निवृत्त झाला तेव्हाच्या समारंभाची एक जुनी कॅसेट होती, त्यात त्याने दोन वाक्यं बोललेली. आप्पांनी ती कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली आणि सीडी काढली. आजी दारात उभी. आप्पा आनंदाने म्हणाले, "मावशी, बर्न व्हयनी!" आजीने विचारलं, बर्न म्हणजे काय? आप्पांनी सरळ अर्थ सांगितला. अहिराणीत 'ळ' चा 'य' होतो, जळणं म्हणजे 'जयनं', जाळलं म्हणजे 'जायं'. ते म्हणाले, "जयनी, मावशी. चांगली जयनी."

आजीने तिथेच बसकण मारली. "ओ माय वं! एकदाव तापीना काठवर जायं त्यासले, आते तुम्ही पेटीमा बी जायं का?"

बायका गोळा झाल्या. आप्पा सीडी दाखवतायत, स्पीकर लावतायत, पण रडण्याच्या आवाजात नवऱ्याची दोन वाक्यं कुणाला ऐकू येणार? शेवटी जिजी पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि ओरडली, "जयनी नही वं मावशी, भाजनी! भाकर भाजतस ना, तशी!" आजी गप्प झाली. मग स्पीकरवर नवरा बोलला. ती पदर तोंडाला लावून ऐकत बसली आणि म्हणाली, "आखो लाव." आप्पांनी आणखी लावलं. त्या दिवसापासून त्या घरात सीडी जळणं बंद झालं. शब्द जिजीचा, मिरवला मात्र आप्पांनी.

एका दिवाळीनंतर जिजीच्या गळ्यावर गाठ दिसायला लागली. आधी तिने पोत घालून झाकली, मग पदराने. गिळायला त्रास व्हायला लागला तेव्हा डॉक्टरांकडे गेली. ऑपरेशन करावंच लागेल, डॉक्टर म्हणाले. गाठ साधी आहे, जिवाला धोका नाही. मात्र आवाजाची नस गाठीला अगदी चिकटून आहे. नसेला धक्का लागला तर आवाज बसू शकतो. परत येईल, कदाचित येणारही नाही. मी त्या दिवशी खाली गेले तर जिजी तांदूळ निवडत होती. काय म्हणाले डॉक्टर, मी विचारलं.

"मना गया गया," ती म्हणाली.

मला वाटलं ती दोनदा 'गया' म्हणतेय, हिंदीत. मग उलगडलं. गळा म्हणजे गया, गेला म्हणजे गया. माझा गळा गेला. इतकं बोलून ती स्वतःच हसली, म्हणाली, बघ, आमच्या बोलीत गळा जायलाच बसलेला असतो. मला हसू आलं नाही. आप्पा आत कॉम्प्युटरसमोर बसले होते. कॉम्प्युटर सुरू नव्हता.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी बाजारातून माईक आणला, कोऱ्या सीड्यांचा नवा डबा आणला आणि जिजीला पाटावर बसवलं. ऑपरेशनच्या आधी तुझी सगळी गाणी भरून ठेवू. हळदीची, मांडवाची, कानबाईची. मीही आग्रहाला होते. म्हटलं, जिजी, एवढं धन आहे तुमच्यापाशी, म्हणा ना.

जिजीने माईककडे झुरळाकडे पाहावं तसं पाहिलं. "कानबाई बशेल नही, मांडव पडेल नही, नि गानं कोनले म्हनू? तुमना या डबडाले?"

अवेळी गायचं नाही, हा तिचा दंडक. देवीचं गाणं म्हटलं की देवीला वाटतं आपल्याला बोलावलं. येऊन पाहते तर ना पाट ना नैवेद्य. तिला असं फसवायचं? आणि हळदीचं गाणं हळद नसताना म्हणणं तर अपशकुनच. आप्पांनी समजावलं, मी समजावलं, बडोद्याहून मुलाने फोनवर समजावलं. ती ढिम्म हलली नाही. श्रावण आला की म्हणेन, म्हणाली. श्रावण लांब होता आणि ऑपरेशन जवळ. आप्पांनी माईक उचलला आणि ते आत गेले. मला त्यांची फार दया आली.

ती दया टिकली नाही. कारण त्यानंतर आप्पांनी जे सुरू केलं, ते पाहून माझं डोकंच फिरलं. एवढा टापटिपीचा माणूस, पण ओला टॉवेल गादीवर टाकायला लागला. चपला घालून स्वयंपाकघरात जायला लागला. दूध आणायला पाठवलं तर दही घेऊन यायचा. एकदा तर चहात साखरेऐवजी मीठ टाकलं आणि वर विचारलं, का गं, काय झालं? जिजी सकाळपासून रात्रीपर्यंत बोलत होती. मला वर सगळं ऐकू यायचं. ज्या बाईचा गळा कापायचा आहे तिला दोन घास सुखाने खाऊ द्यावेत, तर हा म्हातारा तिला नुसता पिडतोय! एक दिवस राहवलं नाही. खाली गेले, जिजी नळावर गेलेली होती, आणि आप्पांना फैलावर घेतलं. म्हटलं, लाज कशी वाटत नाही तुम्हाला? या वयात बायकोला असं छळतात? तिला धीर द्यायचा की तिचा घसा कोरडा करायचा?

आप्पा स्वयंपाकघराच्या पडद्याला टेकून उभे होते. शांतपणे म्हणाले, "बोला बेन, बोला. मोकळेपणी बोला. जागा अजून भरपूर आहे."

म्हातारा खुळावला, असं मी रात्री नवऱ्याला सांगितलं.

ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली. आवाज मात्र गेला. म्हणजे राहिली ती नुसती हवा. जिजी बोलायला गेली की सायकलच्या चाकातून निघावी तशी. डॉक्टरांनी सांगितलं, नस तुटलेली नाही, दबलीय. बोलत राहा, मोठ्याने बोला, रोज आ-ई-ऊ करा, हळूहळू येईल. घाबरून गप्प बसलात तर मात्र तशीच राहील.

आणि जिजी गप्प बसली. आ-ई-ऊ करायला मी काय बालवाडीत आहे, असं तिने हातवाऱ्यांनीच सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. जिच्या एका हाकेला गल्ली वळून पाहायची तिला तो फसफसता आवाज स्वतःलाच ऐकवत नव्हता. काही हवं असलं की ताटावर पेला वाजवायची. कुणी भेटायला आलं की आत जाऊन बसायची. खालून येणारे आवाज म्हणजे पेला, कुकर, झाडू. मला वर बसून पेपर तपासवेनात. इतके दिवस कटकट वाटलेली ती बडबड आपल्याला हवी होती, हे मला तेव्हा कळलं. आप्पांनी तर जेवणच निम्मं केलं. आता टॉवेल ते दोरीवर वाळत घालत, अगदी कडा जुळवून, पण त्यांच्याकडे बघायला कुणी नव्हतं.

मग एका रविवारी दुपारी जिना वाजवू नका असा निरोप आला. संध्याकाळी बोलावणं आलं. मी खाली गेले. आप्पांनी सीडी तिरपी करून पाहिली, फडक्याने पुसली, कप्प्यात ठेवली. जिजी दाराशी बसली होती, तोंड फिरवून. मला वाटलं, कुठून तरी जुन्या लग्नातली तिची गाणी मिळवलेली दिसतात. स्पीकर खरखरला, भांडं पडल्याचा आवाज आला आणि सगळी खोली भरून जिजी ओरडली.

"अरे देवा! वल्ला टुवाल परत गादीवर! म्हतारा व्हयनात, टुवाल कोठे टाकानं हाई बी मीच सांगू का?"

जिजी दचकून वळली. स्पीकर चालूच. "च्यामा मीठ! कोनी टाकं? भूत उनं व्हतं का?" मग दही, मग चपला. "त्या वरनी बेनले इचारा, तिना नवरा असा करस का?" आणि थोड्या वेळाने चक्क माझाच आवाज, शाळेतला, खणखणीत: लाज कशी वाटत नाही तुम्हाला? मी तोंडावर हात धरला. आप्पांनी स्वयंपाकघराचा पडदा बाजूला केला. मागच्या खिळ्याला तो माईक अजून लटकत होता; त्याची वायर टीव्हीची असावी असं आम्ही दोघी समजत होतो.

जिजीला हळूहळू उमगत गेलं. टॉवेल का, मीठ का, दही का. आधी तिचे डोळे मोठे झाले, मग ती हसायला लागली, आवाजच नाही, नुसते खांदे हलतायत. मी आप्पांना म्हटलं, गाणी नाही तर नाही, पण भरून ठेवायला तुम्हाला हेच सापडलं? त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, आणि पहिल्यांदाच माझ्याशी अहिराणीत बोलले. "गानं तर ती बठा गावले म्हनस, बेन. बोलस ती फक्त माले." गाणं सगळ्या गावाला, बोलणं फक्त त्यांना.

एवढ्यात स्पीकरमधली जिजी कशावरून तरी फार चिडली आणि म्हणाली, "मी नही ऱ्हासू, तवय समजई तुमले!"

मी नसेन तेव्हा कळेल. आप्पा सीडी थांबवायला उठले, पण त्यांचा हात बटणापर्यंत गेला नाही. ते तसेच उभे राहिले. जमिनीवर बसलेल्या जिजीने ओठ हलवले, हवा निघाली, तिने घसा धरला आणि पुन्हा जोर लावला.

"मी शे ना."

मी आहे ना. इतकंच. कागद फाटावा तसा आवाज आला, पण आला. आप्पा भिंतीकडे तोंड करून रडले. मीही रडले, उगाच खोटं कशाला सांगू.

त्या दिवसापासून आ-ई-ऊची जागा त्या सीडीने घेतली. सकाळी एकदा, दुपारी एकदा. सीडीतली जिजी बोलायची आणि जमिनीवरची जिजी तिच्या मागोमाग, कधी तिच्यावर कडी करत. दह्यावरून सीडीतली थांबली तरी हिचं संपायचं नाही, तिला जुनी दह्याची प्रकरणं आठवायची. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग म्हणाले, चालू ठेवा. आप्पांनी रिवाजाप्रमाणे प्रती काढल्या, एक मुलाला, एक बारडोलीला. बारडोलीच्या नणंदेने ती शेजारणींना बोलावून ऐकवली आणि फोन करून भावाला सांगितलं, दादा, वहिनीचा शब्द न् शब्द बरोबर आहे. मुलाने आधी सगळी सीडी ऐकली, मग फोन केला. म्हणाला, आई, मलापण रागव ना.

आवाज असा एका दिवसात परत येत नाही. काही दिवस येई, मग पुन्हा बसे. जिजी कंटाळायची, पेला वाजवायची, आप्पा मुकाट्याने गादीवर ओला टॉवेल टाकायचे. मला वरून दोन आवाज ऐकू यायचे, एक भरदार आणि त्याच्या सावलीत एक चिरका. पुढेपुढे कान सरावले, दोन्हीतलं कुठलं कोण हे मी बघायचं सोडून दिलं. सगळी सीडी मला पाठ झाली होती. वर्गातल्या पोरांना रागावताना एकदा माझ्या तोंडून 'अरे देवा, वल्ला टुवाल' निघून गेलं.

श्रावणाच्या तोंडावरची गोष्ट. शनिवारची दुपार, शाळा सुटून मी घरी आलेली, पंख्याखाली पेपर तपासत होते. खाली नेहमीचं सुरू होतं. टॉवेल झाला, मीठ झालं, दही चालू होतं. अचानक पंखा मंदावला आणि थांबला. समोरच्या घरातला टीव्ही बंद पडला. मागच्या गल्लीतल्या लूमची खटखट बंद पडली. भेस्तानला इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. लाईट गेली, मी मनात म्हटलं, आणि पेपर पुन्हा हातात घेतला.

दही चालूच होतं.

मी पेपर खाली ठेवला. कान देऊन ऐकलं. कडेला जरा फाटलेला, मधे भरलेला, जिना चढून माझ्या दारापर्यंत आलेला आवाज. मी अनवाणीच खाली धावले. कॉम्प्युटरचा पडदा काळा होता. जिजी चुलीकडे तोंड करून, हातात उलथनं घेऊन बोलत होती. आजूबाजूला काय बंद पडलंय याचा तिला पत्ता नव्हता. आप्पा दारात उभे होते. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, डोळ्यांनी विनवलं, सांगू नका, तिला सांगू नका.

जिजीने वर पंख्याकडे पाहिलं आणि मग आप्पांकडे.

"नि आते लाईट बी तुम्हीच घालवी व्हई!"